अक्षरावरील शेवटचा हात

हस्ताक्षराविषयी आपल्याकडे जे काही बोलले जाते ते बहुधा त्याच्या सौंदर्याविषयी असते. अक्षर मोत्यांसारखे असावे, वळण सुबक असावे, ओळ सरळ चालावी, हा उपदेश ज्याने लहानपणी ऐकला नाही असा सुशिक्षित मनुष्य विरळा. परंतु अक्षराचा देह कागदावर उमटल्यानंतर त्यावर जो शेवटचा हात फिरवावयाचा असतो, म्हणजे शिरोरेघ ओढावयाची, मात्रा द्यावयाची, रफार चढवावयाचा, अनुस्वाराचा ठिपका ठेवावयाचा, त्या क्रियेचा स्वतंत्र विचार फारसा कोणी करीत नाही. ती इतकी अल्प आहे की तिला निमिषभरही लागत नाही. आणि इतकी अंगवळणी पडलेली आहे की ती आपण केली की राहिली, हेही लिहिणाराच्या ध्यानी राहत नाही. अशा अल्प गोष्टीत कर्तव्याकर्तव्याचा काही अंश असू शकतो काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. देवनागरी लिहिणारांच्या साधारणपणे तीन तऱ्हा आढळतात. काही लोक प्रत्येक अक्षर त्याच्या रेघेसह व काना-मात्रेसह पुरे करतात आणि मगच पुढच्या अक्षरास हात घालतात. काही लोक सबंध शब्दाची अक्षरे उघड्या डोक्यांनी लिहून काढतात, नंतर एका झटक्यात त्यांवरून रेघ ओढतात आणि सरतेशेवटी मात्रा, रफार व अनुस्वार देतात. तिसरा वर्ग रेघ ओढीतच नाही. बाकीची चिन्हे आठवतील तशी व तेवढी देतो. पहिल्या तऱ्हेत हात वारंवार उचलावा लागतो, म्हणून ती संथ. दुसरीत वेग साधतो. पण रफार आणि अनुस्वार यांची पाळी सर्वांच्या शेवटी येत असल्यामुळे विसर पडावयाचा तो प्रथम त्यांचाच पडतो, कारण तोपर्यंत मन पुढच्या शब्दावर गेलेले असते. इंग्रजी लिहिणारे लोकही ‘आय’वरचे टिंब आणि ‘टी’वरची आडवी रेघ पुष्कळदा शब्द संपल्यावरच देतात व तेथेही हेच घडते.

या तऱ्हांवरून लिहिणाराचा स्वभाव ओळखता येतो, असे सांगणारे लोक आहेत. टिंब पुढे पडले तर मनुष्य उतावळा, रेघ राहिली तर निष्काळजी, अशी त्यांची कोष्टके असतात. तो मार्ग आम्हांस मान्य नाही. अत्यंत सज्जन माणसांचे अक्षर किरटे असते आणि पुष्कळ लबाडांचे देखणे असते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. महात्मा गांधींनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच्या वाईट अक्षराबद्दल खेद व्यक्त केला आहे व वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण मानले आहे. तथापि त्यांच्या अक्षरावरून त्यांच्या शीलाचे अनुमान कोणी करू जाईल तर तो फसेल. म्हणून लिहिणाराच्या अंतरंगात न डोकावता, त्याने सोडलेल्या रेघेचा वा ठिपक्याचा परिणाम कोणावर होतो, इकडे पाहणे हाच विचाराचा सरळ रस्ता होय.

या दृष्टीने पाहता शेवटच्या हाताची ही चिन्हे सर्व एका योग्यतेची नाहीत, हे लगेच कळून येते. काही चिन्हे अर्थ बदलतात. काही चिन्हांनी अर्थ बदलत नाही, परंतु डोळ्यास वाट सापडते. आणि काही चिन्हे अशी होती की त्यांनी उच्चारही बदलत नसे आणि वाचनही सुलभ होत नसे. ती केवळ शब्दाच्या कुळाची आठवण राखीत असत.

पहिल्या वर्गाचे उदाहरण म्हणून शिरोरेघच घेऊ. ‘ध’ आणि ‘भ’ या दोन अक्षरांच्या डोक्यावर रेघ अखंड नसते. डावीकडे ती तुटते. आता ज्याला शब्दभर एकच रेघ ओढण्याची सवय आहे, तो घाईत त्या खिंडीवरूनही लेखणी नेतो. तसे झाले की ‘ध’चा ‘घ’ होतो व ‘भ’चा ‘म’ होतो. ‘धन’ लिहावे तो ‘घन’ होतो, ‘भार’ लिहावा तो ‘मार’ होतो, आणि ‘भरण’ लिहावे तेथे ‘मरण’ उभे राहते. येथे चूक काही गाळल्याची नाही, अधिक दिल्याची आहे. म्हणूनच काही वळणांत या दोन अक्षरांच्या डाव्या शेंड्यास एक लहानशी गाठ देण्याची योजना आहे; ती गाठ म्हणजे उतावळ्या हातापासून अक्षराचे रक्षण करणारी चौकीच होय. अनुस्वाराची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. चिता आणि चिंता यांत केवळ एका बिंदूचे अंतर, पण एक मेलेल्यास जाळते आणि दुसरी जिवंतास, हा संस्कृत सुभाषितकारांचा चमत्कार सर्वांस ठाऊक आहे. रफाराचेही तसेच, तो गळाला की ‘कर्म’ ‘कम’ होते आणि ‘अर्थ’ नाहीसा होऊन ‘अथ’ तेवढा उरतो.

दुसऱ्या वर्गात शिरोरेघेचे सामान्य कार्य येते. रेघ नसली तरी नागरी वाचता येत नाही असे नाही. शेजारच्या गुजराती भाषेची लिपी नागरीचीच भगिनी. तिने डोक्यावरची रेघ टाकून दिली आणि तिचे वाङ्मय त्यामुळे काही अडले नाही. इतिहास पाहिला तर ही रेघ आरंभी नव्हतीच. कन्नड तालुक्यात सातमाळा डोंगराच्या कुशीत पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथे पैठणच्या एका गांधिक कुळातील दात्याचा, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचा, इसवी सनापूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्या काळच्या ब्राह्मीस शिरोरेघ नाही. पुढे अक्षराच्या शेंड्यावर लहानसे टोक आले; वाकाटकांच्या ताम्रपटांत त्याची चौकोनी पेटी झाली; आणि कालांतराने ही डोकी रुंदावत जाऊन एकमेकांस भिडली तेव्हा आजची रेघ सिद्ध झाली. म्हणजे जी गोष्ट लेखणी टेकल्याची एक खूण होती, तीच पुढे सबंध शब्दास एकत्र बांधणारी दोरी झाली.

मोडी लिहिणारांनी तर हा क्रम उलटाच केला. मोडीचा कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवीत जाई. बाळबोधीत जी शेवटची क्रिया, ती तेथे पहिली. त्या रेघेला शब्दाशी कर्तव्य नव्हते, कारण मोडीत शब्द तोडून लिहीतच नसत. ती ओळीला आधार देणारी तुळई होती. मात्र मोडीने हात उचलण्याचे श्रम वाचवावयाचे ठरविल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सोडला आणि अनुस्वाराकडेही पुष्कळदा दुर्लक्ष केले. कारभाराच्या निकडीत हे क्षम्य होते; परंतु आज ती कागदपत्रे वाचणारांस प्रत्येक ओळीत अनुमान करीत जावे लागते. एकाने वाचविलेले श्रम दुसऱ्यास व्याजासकट भरावे लागतात, ही गोष्ट येथे ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

तिसऱ्या वर्गाचे उदाहरण देण्यास कन्नड तालुक्यातीलच एक गावाचे नाव घेतो: देवगाव रंगारी. महाराष्ट्रात देवगावे पुष्कळ आहेत. हे कोणते, ते ‘रंगारी’ या पदाने कळते. कापड रंगविणारांच्या वस्तीवरून ते पद जोडले गेले असावे हे उघड दिसते. जुन्या लेखनात हे नाव ‘देवगांव’ असे अनुस्वारासह लिहीत. आता या नावातील दोन ठिपक्यांची तुलना करा. ‘रंगारी’वरचा ठिपका काढला तर शब्दच मरतो. ‘गांव’वरचा काढला तर कानास काहीही फरक जाणवत नाही. मग तो तेथे होता कशासाठी? मूळ शब्द ‘ग्राम’. त्यातील ‘म’ झिजत झिजत ‘व’ झाला आणि जाताना आपले अनुनासिक मागे ठेवून गेला. त्या गेलेल्या ‘म’चे स्मारक म्हणजे तो ठिपका. ‘नाम’ या शब्दापासून आलेले ‘नांव’ही तसेच, आणि तेथे त्या ठिपक्याचा एक उपयोगही होता, कारण त्यामुळे माणसाचे नांव आणि पाण्यावरील नाव ही कागदावर निराळी दिसत. ‘दांत’, ‘कांटा’, ‘पांच’ यांचे ठिपके याच जातीचे. मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेल्या आणि शासनाने मान्य केलेल्या १९६२ च्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार रजेवर पाठविले. प्रस्तुत लेखही त्याच नियमांस अनुसरून लिहिला आहे.

यात काही अन्याय झाला काय? असे म्हणणारे लोक त्या काळी होते आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होते. ज्या चिन्हाने पूर्वजांच्या उच्चाराची साक्ष राहते ते पुसणे म्हणजे वंशावळीतील नावे खोडणे होय, हा त्यांचा पक्ष. उलटपक्षी, जे चिन्ह कोठे द्यावे हे कळण्यास संस्कृत व प्राकृत जाणावे लागते, ते न येणाऱ्या लक्षावधी मुलांस केवळ त्यापायी अशुद्ध ठरविणे हाही अन्यायच. आमच्या मते दुसरा पक्ष सबळ आहे. परंतु कारण नीट पाहिले पाहिजे. तो ठिपका लहान होता म्हणून टाकला गेला हे कारण नव्हे. समाजाने विचार करून, सर्वांस कळवून, एकाच वेळी तो टाकला. म्हणून वाचणारा फसत नाही. एकट्याने आळसाने ठिपका सोडणे निराळे आणि सर्वांनी ठरवून सोडणे निराळे. एकात विश्वासाचा भंग आहे, दुसऱ्यात केवळ कराराची दुरुस्ती आहे.

येथेच मूळ प्रश्नाचे उत्तर हाती येऊ लागते. लिपी हा लिहिणारा व वाचणारा यांच्यामधील करार आहे. बोलणारा मनुष्य समोर असतो. त्याचा शब्द नीट ऐकू आला नाही तर आपण त्यास पुन्हा विचारतो. लिहिणारा समोर नसतो. पुष्कळदा तो जगातही नसतो. त्याचा ठिपका राहिला तर तो देणारा कोणी उरत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. आक्षेपक म्हणतील की वाचणारा काही दगड नसतो. संदर्भावरून तो शब्द ओळखतो. ‘मला चिता वाटते’ असे कोणी लिहिले तर त्यास सरणाकडे कोणी नेत नाही. मराठवाड्यातील पूर्वपिढीस या आक्षेपाचा अनुभव उर्दूतून चांगलाच आला असेल. १९४८ पर्यंत निजामी राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती आणि त्या लिपीत तर अनेक अक्षरांचा भेद केवळ नुक्त्यांवर अवलंबून असतो. शब्दाचा सांगाडा आधी उभा राहतो आणि नुक्ते मागाहून पडतात. वरचा नुक्ता खाली गेला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो, अशी म्हणच तिकडे आहे. असे असूनही शिकस्ता वळणाचे मुनशी नुक्ते सर्रास गाळीत आणि दरबारातील लोक ते सुखाने वाचीत. इतकेच नव्हे, तर विद्वानास पत्र लिहिताना सगळे नुक्ते देणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान करणे होय, असा शिष्टाचार जुन्या अरबी लेखकांत होता असे सांगतात. तेव्हा चिन्ह गाळणे हा नेहमी निष्काळजीपणाच असतो असे नव्हे. कधी तो वाचणाराच्या जाणतेपणाचा आदरही असू शकतो.

हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि त्याचे खरे अर्ध आम्ही आनंदाने मान्य करतो. मित्राने मित्रास लिहिलेल्या चिठ्ठीत, गृहिणीने वाणसामानाच्या यादीत, विद्यार्थ्याने स्वतःच्या टिपणात रेघ सोडली, ठिपका सोडला, तर त्यात दोष कसला? तेथे लिहिणारा व वाचणारा यांच्यामध्ये इतकी ओळख असते की चिन्हांचे काम ती ओळखच करते. आदराने गाळलेला नुक्ता हाही अशा ओळखीचाच विश्वास होय. परंतु आक्षेपाचे दुसरे अर्ध खोटे आहे, कारण त्यात असे गृहीत धरले आहे की कागद ज्याला उद्देशून लिहिला त्याच्याच हाती राहतो. कागदाचा स्वभाव तसा नाही.

समर्थ रामदासांनी हे फार पूर्वी ओळखले होते. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षरे वाटोळी, सरळ व मोकळी असावी, आरंभापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखी दिसावी, एका ओळीची मात्रा वा वेलांटी दुसऱ्या ओळीस भेदून जाऊ नये, अशी बारीक सारीक सूचना त्यात आहे. पण आमच्या मते त्यातील मर्म दोन ठिकाणी आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी कामास येत नाही, असे ते सांगतात. आणि पानाभोवती जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, असेही सांगतात. पहिल्या सूचनेत वाचणारा म्हणजे लिहिणाराचेच उद्याचे म्हातारे रूप आहे; दुसरीत तो अनेक वर्षांनंतरचा कोणी अनोळखी मनुष्य आहे. जो आज समोर नाही त्याच्यासाठी आज हाताने श्रम घ्यावे, हा त्या समासाचा धर्म होय.

याच जिल्ह्यातील पैठण येथे एकनाथमहाराजांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४, मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे गेली होती. त्या तीनशे वर्षांत ज्यांनी पोथ्या उतरल्या त्यांतील बहुतेक लोक श्रद्धावान असतील, यात शंका नाही. पोथीच्या शेवटी लेखक लिहीत की जसे पुढे दिसले तसे उतरले आहे, शुद्ध असो वा अशुद्ध असो, दोष माझा मानू नये. ही विनवणी नम्र आहे खरी. परंतु पाठ बिघडतो तो अशा नम्र माणसांच्या हातूनच. एकाने एक मात्रा सोडली. दुसऱ्याने ती सुटलेली पाहून शब्द निराळा समजला. तिसऱ्याने त्या निराळ्या शब्दास जुळावे म्हणून पुढचा शब्द सुधारला. यांपैकी कोणीच पापी नव्हता, आणि तरीही शेवटी एका महापुरुषास ते सर्व निस्तरावे लागले.

पोथ्यांचे दिवस गेले, असे कोणी म्हणेल. परंतु सरकारी दप्तरे गेलेली नाहीत. सातबाराच्या उताऱ्यावर नावातील एक काना कमी पडला तर तोच मनुष्य कायद्याच्या दृष्टीने दुसरा ठरू शकतो. अशा लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १५५ हे स्वतंत्र कलम घालावे लागले. २०२३ साली शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्याचे काम तिजकडे सोपविले. त्या वेळी मोडी व उर्दू वाचणारांस बोलावून जुनी दप्तरे उघडण्यात आली. ज्या कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी कोणाच्या नावापुढे एक शब्द लिहिला, त्याला हे स्वप्नातही दिसले नसेल की त्या शब्दाच्या वेलांटीवर एखाद्या कुटुंबाच्या मुलांचा हक्क ठरावयाचा आहे. त्याच्या डोळ्यांपुढे त्या दिवसाचा वसूल होता आणि बाहेर थांबलेली माणसे होती. औषधाच्या चिठ्ठीचीही तीच कथा. औषधांची नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावी, असे भारतीय वैद्यक परिषदेस २०१६ साली नियमाने सांगावे लागले. जेथे दशांशाचे एक टिंब राहिल्याने मात्रा दहापट होते, तेथे सुवाच्यता हा शिष्टाचार राहत नाही.

येथवर आल्यावर सुबक अक्षराचे अभिमानी लोक संतोष पावतील. म्हणून त्यांनाही एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा वध झाला. ‘धरावे’ या आज्ञेतील ‘ध’चा ‘मा’ करून ती ‘मारावे’ अशी केली, अशी जी कथा लोकांत रूढ आहे ती खरी की मागाहून रचलेली, हा वाद येथे नको. भाषेने ती स्वीकारली आणि ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार झाला, एवढे पुरे. त्या कथेतील हात निष्काळजी नाही. तो अत्यंत काळजीपूर्वक चालला आहे. शेवटचा हात फिरविण्याचे सर्व कौशल्य त्यात आहे, आणि त्या कौशल्यानेच एका मुलाचा प्राण घेतला. तेव्हा नीटनेटकेपणा हा स्वयंभू सद्गुण नव्हे. जो केवळ आपल्या अक्षराच्या शोभेसाठी प्रत्येक रेघ कोरीत बसतो, त्याचे लक्ष वाचणाराकडे नसून स्वतःकडे असते. आणि त्याला चोखंदळ म्हणता येईल, परंतु कर्तव्यदक्ष म्हणता येणार नाही.

मग नियम कोणता धरावा? आमच्या मते तो असा: लिहिणारा व वाचणारा यांच्यामधील अंतर जितके अधिक, तितके शेवटच्या हाताचे ऋण अधिक. जो शेजारी बसला आहे त्याच्यासाठी अर्धे अक्षरही पुरते. जो परगावी आहे त्यास पुरे अक्षर द्यावे. आणि जो अजून जन्मास यावयाचा आहे, जो आपल्याला प्रश्न विचारू शकणार नाही आणि आपल्या चुकीचे फळ मात्र भोगील, त्याच्यासाठी ठिपकाही राहू देऊ नये. रेघ आधी ओढावी की मागून, प्रत्येक अक्षर पुरे करावे की सबंध शब्द लिहून मग परतावे, हे ज्याचे त्याने पाहावे. मोडीकाराची रेघ आधी होती आणि बाळबोधकाराची मागून, व दोघांतही चांगले लेखक झाले. परतणे मात्र झाले पाहिजे. जो शब्द संपल्यावर मागे वळून पाहतो, त्याची तऱ्हा कोणतीही असो, तो करार पाळतो.

रंगाऱ्याच्या धंद्यात तुरटीचे काम असेच असते. कापडावर तुरटी दिसत नाही. गिऱ्हाईक पाहतो तो रंग. तुरटीवाचून रंगविलेले वस्त्र दुकानात तितकेच झळाळते आणि रंगाऱ्याचे दामही तितकेच येतात. पहिल्या धुण्यास रंग उतरतो तेव्हा तो रंगारी तेथे नसतो. दोष हाती येतो तो ते वस्त्र नेसणाऱ्या बाईच्या. ज्या कामाची उणीव करणारास कधीच कळावयाची नाही व दुसऱ्यास मात्र सोसावी लागते, ते काम पुरे करण्यास मनुष्यापाशी स्वतःच्या सद्सद्विवेकाखेरीज दुसरा सावकार नसतो. अनुस्वाराचा ठिपका हे त्या सावकाराचे अगदी लहान देणे आहे, आणि मोठी देणी फेडण्याची सवय लागावयाची ती लहान देण्यांपासूनच लागते.